पोलीस ठाण्यांचे मानांकन आणि शासकीय निधी : एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत शासकीय कार्यालयांच्या दर्शनी भिंतीवर एक नवी पाटी दिसू लागली. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती आणि त्यांच्यापाठोपाठ पोलीस ठाणीही 'आयएसओ मानांकित' होऊ लागली. या पाटीमागे दोन गृहीतके आहेत. बाहेरच्या संस्थेने ठरविलेल्या प्रमाणाशी ताडून पाहिल्यास कामाचा दर्जा उंचावतो, हे पहिले. लहान ठाण्यांना हा खटाटोप स्वबळावर परवडणारा नाही, म्हणून शासनाने त्यासाठी निधी पुरवावा, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके वरवर पाहता निर्विवाद वाटतात. तथापि ती तपासल्याशिवाय स्वीकारणे योग्य ठरणार नाही.

प्रस्तुत लेखात या गृहीतकांची चिकित्सा करावयाची असून त्यासाठी पवनार हे गाव आणि वर्धा जिल्हा हे संदर्भक्षेत्र घेतले आहे. याचे कारण केवळ स्थानिक आपुलकीचे नाही. दिनांक १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून आचार्य विनोबा भावे यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण केले आणि काही दिवसांतच त्यांना अटक झाली. त्या अटकेची कागदपत्रे कितीही निर्दोष असली तरी ती कारवाई न्याय्य होती, असे आज कोणी म्हणणार नाही. कार्यपद्धती निर्दोष असणे आणि काम न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोलीस ठाण्याच्या मानांकनाचा विचार करताना हा भेद सतत ध्यानी ठेवावा लागतो.

निधी आणि दाखला : तीन रचना

शासकीय पैसा आणि पोलिसांच्या गुणवत्तेचा दाखला यांची सांगड घालण्याचा प्रयोग नवा नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १८५६ च्या काउंटी अँड बरो पोलीस अ‍ॅक्टने पोलीस निरीक्षणालय स्थापन केले. निरीक्षकाने जे दल 'कार्यक्षम' असल्याचे प्रमाणित केले, त्याच्या वेतन व गणवेशाच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग सरकारी तिजोरीतून मिळू लागला. पुढे १८७४ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले. पाच हजारांहून कमी लोकसंख्येच्या नगरांची स्वतंत्र दले मात्र या अनुदानास पात्र नव्हती. लहान दलांनी मोठ्यात विलीन व्हावे, हाच त्यामागचा हेतू होता. येथे दाखला आधी आणि पैसा नंतर, असा क्रम होता.

अमेरिकेत हा क्रम उलट दिसतो. तेथे सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा असून स्थानिक पोलीस विभागांपैकी जवळजवळ निम्म्या विभागांत दहापेक्षाही कमी पूर्णवेळ अधिकारी असतात. प्रत्येक लहान शहराचा पोलीस विभाग त्या शहराच्या अंदाजपत्रकावर चालतो. १९७९ मध्ये पोलीस क्षेत्रातील चार संघटनांनी मिळून 'कॅलिया' हा अधिस्वीकृती आयोग स्थापन केला. त्याची शेकडो मानके पूर्ण करणे, पुरावे जमविणे आणि शुल्क भरणे लहान विभागांना जड जाते. म्हणून अलीकडच्या काळात तेथील संघराज्य सरकारच्या न्याय विभागाने अशा विभागांना अधिस्वीकृती मिळविता यावी यासाठी अनुदान देऊ केले. येथे पैसा आधी, दाखला नंतर.

आपल्याकडे तिसरीच रचना आहे. 'पोलीस' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहे. तरीही १९६९-७० पासून केंद्र सरकार राज्यांच्या पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी साहाय्य देत आले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये या प्रयोजनाच्या एकत्रित योजनेस तीन वर्षांसाठी २५,०६० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी २६,२७५ कोटी रुपये मंजूर झाले व त्यांपैकी ४,८४६ कोटी रुपये राज्य पोलीस दलांच्या आधुनिकीकरणासाठी होते. या निधीतून शस्त्रे, वाहने, दळणवळणाची साधने, न्यायवैद्यक उपकरणे घेतली जातात. मात्र ठाण्याच्या दारी येणाऱ्या माणसाला कशी वागणूक मिळाली, या प्रश्नाशी या पैशाचा थेट संबंध जोडलेला नाही. पैसा एका वाटेने येतो आणि दाखला दुसऱ्याच वाटेने.

आयएसओ नेमके काय मोजते?

या दुसऱ्या वाटेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. आयएसओ ही जिनिव्हास्थित संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती केवळ मानके तयार करते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था निराळ्या असतात आणि त्या शुल्क घेऊन तपासणी करतात. आपल्याकडे अशा संस्थांना अधिस्वीकृती देण्याची व्यवस्था भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत आहे. पण भिंतीवरील पाटी वाचणाऱ्या नागरिकाला दाखला देणारी संस्था अधिस्वीकृत आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो.

याहून महत्त्वाचे असे की, आयएसओ ९००१ हे मानक गुणवत्ता व्यवस्थापनाच्या पद्धतीचे आहे. संस्थेने आपले काम कसे करावयाचे हे लिहून ठेवले आहे काय, त्याप्रमाणे नोंदी ठेवल्या जातात काय आणि त्रुटी आढळल्यास दुरुस्तीची सोय आहे काय, हे त्यात पाहिले जाते. बिस्किटाच्या कारखान्याला आणि पोलीस ठाण्याला एकच मानक लागू पडते, हे त्याचे बलस्थान आहे आणि मर्यादाही. साहजिकच ठाणे मानांकनाच्या तयारीला लागले की मुद्देमाल कक्षाची मांडणी होते, अभिलेखांना क्रमांक पडतात, भिंती रंगतात, दिशादर्शक फलक लागतात, अभ्यागतांसाठी बाकडी व पिण्याचे पाणी येते.

या सुधारणा क्षुल्लक आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुद्देमाल नीट ठेवला नाही तर खटल्यातील पुरावा निकामी होतो. महिला शिपायांना स्वतंत्र स्वच्छतागृह नसणे ही साधी गैरसोय नव्हे. रात्रंदिवस बंदोबस्तावर असणाऱ्या माणसाला बसायला धड खोली मिळणे हा त्याचा हक्कच आहे. आक्षेप या सुधारणांवर नाही. त्या सुधारणांनाच ठाण्याची गुणवत्ता समजण्यावर आहे. फिर्याद घेण्याचे नाकारले गेले, तर त्या नकाराची नोंद कोणत्याच वहीत होत नाही आणि म्हणून नोंदींच्या तपासणीत तो नकार कधीच सापडत नाही.

'लहान ठाणे' हे स्वतंत्र एकक आहे काय?

अमेरिकेतील लहान विभाग आणि आपल्याकडील लहान ठाणे यांत एक मूलभूत फरक आहे. तेथील विभागप्रमुख आपली माणसे नेमतो, आपले नियम करतो, आपले अंदाजपत्रक नगरसभेपुढे मांडतो. अधिस्वीकृतीच्या अटी पूर्ण करणे अथवा न करणे बव्हंशी त्याच्या हाती असते. आपल्याकडे राज्याचे पोलीस दल एकच आहे. ठाणेदाराला भरती करता येत नाही, बदली करता येत नाही आणि मोठी खरेदीही करता येत नाही. मनुष्यबळ जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून येते. नवे वाहन आधुनिकीकरणाच्या निधीतून किंवा जिल्हा नियोजन समितीच्या तरतुदीतून येते. तपासासाठी लागणारा प्रयोगशाळेचा अहवाल तर ठाण्याच्या आवाक्याबाहेरच असतो.

पवनारसारख्या गावाचा पोलिसांशी येणारा संबंध पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. गावपातळीवर पोलीस पाटील असतो. त्याची नेमणूक १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमान्वये महसुली यंत्रणेकडून होते. त्यानंतर बीट अंमलदार आणि मग ठाणे. यांपैकी एकही दुवा दुसऱ्याच्या नेमणुकीवर वा साधनसामग्रीवर अधिकार चालवीत नाही. अशा स्थितीत ठाण्याला दाखला दिला, तर तो नेमका कशाबद्दल? ज्या गोष्टी ठाणेदाराच्या हाती आहेत त्यांबद्दलच तो असू शकतो आणि त्या गोष्टी म्हणजे मुख्यत्वे भिंती, बाग आणि नोंदवह्या. दाखल्याचे स्वरूप असे दिखाऊ होण्याचे कारण ठाणेदाराची वृत्ती नसून रचनाच तशी आहे.

आणखी एक विसंगती नमूद करावयास हवी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार निरीक्षक व उपनिरीक्षकाचा एका ठाण्यातील सर्वसाधारण पदावधी दोन वर्षांचा आहे. आयएसओ प्रमाणपत्राचे चक्र मात्र तीन वर्षांचे असते. म्हणजे ज्याच्या उत्साहामुळे दाखला मिळाला तो अधिकारी बदलून गेल्यावरही पाटी भिंतीवर राहते आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला ती केवळ वारसा म्हणून मिळते. व्यक्तीच्या उत्साहावर उभी राहिलेली सुधारणा संस्थेची सुधारणा ठरत नाही.

निधीच्या बाबतीतही हीच गत आहे. मानांकनासाठी स्वतंत्र शीर्ष नसल्यामुळे रंगरंगोटी, फर्निचर, कॅमेरे यांचा खर्च पुष्कळदा 'लोकसहभागातून' भागविला जातो. शाळेच्या बाबतीत लोकसहभाग स्तुत्य मानता येईल. पोलीस ठाण्याच्या बाबतीत मात्र देणगी देणारा उद्या फिर्यादी किंवा आरोपी म्हणून त्याच दारात उभा राहू शकतो. त्याने दिलेल्या खुर्चीवर बसून त्याच्याविरुद्धची फिर्याद लिहून घ्यावी लागणे ही कल्पना कोणत्याही आचारसंहितेत बसणारी नाही. शासकीय निधीची खरी गरज येथे सिद्ध होते. ठाण्याला कोणाचेही उपकार घ्यावे लागू नयेत एवढे साहाय्य शासनाने दिलेच पाहिजे.

आकडे कोणते मोजावेत?

नोव्हेंबर २०१४ मध्ये गुवाहाटी येथील पोलीस महासंचालकांच्या परिषदेत पंतप्रधानांनी 'स्मार्ट' पोलिसिंगची संकल्पना मांडली. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातील पोलीस ठाण्यांची वार्षिक क्रमवारी सुरू केली. २०२० च्या क्रमवारीत १६,६७१ ठाण्यांचा विचार होऊन मणिपूरच्या थौबल जिल्ह्यातील नोंगपोक सेकमाई हे ठाणे पहिले आले. लहान व दूरचे ठाणेही अव्वल ठरू शकते हे त्यातून दिसले, ही समाधानाची बाब होय. मालमत्तेचे गुन्हे, महिलांवरील व दुर्बल घटकांवरील गुन्हे, बेपत्ता व्यक्ती, बेवारस मृतदेह अशा विषयांची हाताळणी त्यात विचारात घेतली गेली. मात्र अंतिम टप्प्यात ऐंशी टक्के भार सेवाविषयक मानकांना होता. ठाण्याची भौतिक स्थिती, कर्मचाऱ्यांची सहज उपलब्धता आणि नागरिकांचे मत या सर्वांना मिळून उरलेले वीस टक्के होते.

आकड्यांवर आधारित मूल्यमापनातील अडचण वर्धा जिल्ह्यात विशेष जाणवण्यासारखी आहे. या जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. साहजिकच दारूबंदी कायद्याखालील कारवाया हा येथील ठाण्यांच्या दैनंदिन कामाचा मोठा भाग असतो. अशा गुन्ह्यांचे वैशिष्ट्य असे की, ते बहुधा फिर्यादीवरून दाखल होत नाहीत. पोलिसांनी छापा घातला की गुन्हा नोंदला जातो. त्यामुळे संख्या वाढली तर दारू वाढली की दक्षता वाढली, हे आकड्यावरून सांगता येत नाही. याउलट पत्नीला झालेल्या मारहाणीची फिर्याद ही कोणीतरी धैर्य करून ठाण्यात आल्यानेच नोंदली जाते. तेथे संख्या वाढणे हे कदाचित ठाण्यावरील विश्वास वाढल्याचे चिन्ह असेल. एकाच नोंदवहीतील दोन आकडे असे परस्परविरुद्ध अर्थ सांगतात. गुणदानाचा तक्ता मात्र दोहोंना एकाच मापाने मोजतो.

महाराष्ट्राने याचा अनुभव अन्य रूपात घेतला आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत, त्याचे मूल्यमापन व्हावे आणि पात्र गावांना पुरस्काराची रक्कम मिळावी, अशी तिची रचना होती. गावाने आपले भांडण आपण सोडवावे ही कल्पना उदात्त आहे आणि पवनारच्या वैचारिक परंपरेशी ती जुळणारी आहे. विनोबांनी १९५७ मध्ये शांतिसेनेची स्थापना केली, तेव्हा पाच हजार लोकसंख्येमागे एक शांतिसैनिक अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु शांतिसैनिकाला गुण मिळत नव्हते आणि बक्षीसही नव्हते. तंटा मिटण्याला गुण व पैसा जोडला गेला की तंटा मिटणे आणि तंटा दडपला जाणे यांतील सीमारेषा पुसट होते. त्याचा भार गावातील सर्वांत दुबळ्या पक्षाला सोसावा लागतो.

परीक्षक कोणाचा?

महाविद्यालयीन अध्यापकांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. १९९४ मध्ये नॅकची स्थापना झाली. पुढे अनुदानाच्या योजना नॅकच्या श्रेणीशी जोडल्या गेल्या आणि मूल्यांकनाच्या शुल्काची प्रतिपूर्ती विद्यापीठ अनुदान आयोगाकडून होऊ लागली. पोलिसांसाठी जी योजना सुचविली जाते ती उच्च शिक्षणात आपण राबवून पाहिली आहे. तिच्यामुळे ग्रंथालये सुधारली, अभिलेख नीट झाले, अध्यापकांना आपल्या कामाची मांडणी करण्याची सवय लागली, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर समिती येण्यापूर्वीचे महिने आणि समिती गेल्यानंतरचे महिने यांतील अंतरही सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर तपासणी समितीच्या सदस्यांनाच श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. दाखल्याला पैशाचे मोल आले की परीक्षकालाही मोल येते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

महाविद्यालयाच्या फुगविलेल्या श्रेणीने विद्यार्थ्याची फसवणूक होते. पोलीस ठाण्याच्या फुगविलेल्या दाखल्याने कोठडीतील माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून परीक्षकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येथे अधिक कडक रीतीने विचारला पाहिजे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतले. बाह्य परीक्षणाचे तत्त्व शासनाला अमान्य नाही, हे यावरून दिसते. परंतु संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण यांचे परीक्षण आणि अटकेच्या अधिकाराचे परीक्षण यांत गुणात्मक भेद आहे.

मानके आधीच अस्तित्वात आहेत

पोलीस ठाण्यासाठी नवी मानके शोधण्याची आवश्यकता नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ती कायद्याने व न्यायालयांनी यापूर्वीच घालून दिली आहेत. १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणात अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम सांगितले गेले. २०१३ च्या ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच गुन्हा नोंदविणे बंधनकारक ठरले. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत व चित्रण अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जतन करावे, असा आदेश झाला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतील कॅमेरे चालू नसल्याच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्यादीची प्रत विनामूल्य द्यावयाची आहे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवावयाची आहे आणि गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे.

ही मानके ऐच्छिक नाहीत. ती पाळणे हे ठाण्याचे कर्तव्य आहे आणि ती पाळता येतील अशी परिस्थिती निर्माण करणे हे शासनाचे. न्यायवैद्यक पथकाला गावापर्यंत नेणारे वाहन, चालू स्थितीतील कॅमेरे, तपासासाठी मोकळा वेळ असलेला हवालदार यांसाठी लागणारा पैसा हा या अर्थाने बक्षीस नसून कायद्याची पूर्वअट आहे.

देखरेखीच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य व जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सुधारणेत राज्य पातळीबरोबर जिल्ह्याऐवजी विभागीय पातळीची तरतूद झाली. परिणामी पवनारच्या शेतमजुराला ठाण्याविरुद्ध दाद मागावयाची असेल, तर कायद्याने दाखविलेले दार जिल्ह्यात नसून विभागात आहे. ज्या जिल्ह्यात ठाण्याला दाखला देण्याची सोय आहे, त्याच जिल्ह्यात ठाण्याविरुद्ध स्वतंत्र प्राधिकरणाकडे तक्रार देण्याची सोय नसावी, ही विसंगती मानांकनाच्या पाटीने झाकली जाणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. एक, लहान ठाण्यांना निधी मिळालाच पाहिजे, परंतु तो दाखला मिळविण्यासाठी नव्हे, तर कायद्याने घातलेली कर्तव्ये पार पाडण्यासाठी. ठाण्यांसाठी स्थानिक देणग्या घेण्याची प्रथा त्याबरोबरच थांबली पाहिजे. दोन, मूल्यमापनाचे एकक ठाणे नसून जिल्हा असावा, म्हणजे ज्यांच्या हाती माणसे व पैसा आहे तेही परीक्षेला बसतील. तीन, परीक्षक गृह विभागाच्या बाहेरचा असावा आणि त्याचा अहवाल विधिमंडळापुढे यावा. १८५६ च्या इंग्लंडमधील निरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे जात असत. १८६१ चा पोलीस कायदा भारतात आला तेव्हा अशी स्वतंत्र तपासणी मात्र त्याबरोबर आली नाही. चार, ठाण्यात येऊन गेलेल्या आणि विशेषतः फिर्याद न नोंदविता परत गेलेल्या माणसाचे म्हणणे हा मूल्यमापनाचा मुख्य आधार असावा.

या चौथ्या मुद्द्यात अध्यापकवर्गाला स्वतःचे काम आहे. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनाची परिणती १९८३ च्या कायदादुरुस्तीत झाली. विदर्भातील एका ठाण्याची ती खरी तपासणी होती आणि ती कोणत्याही प्रमाणन संस्थेने केली नव्हती.

जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विधी, समाजशास्त्र, समाजकार्य व राज्यशास्त्र विभागांना ठाण्यातून परतलेल्या नागरिकांच्या मुलाखती घेणे, मिळालेली माहिती काटेकोरपणे नोंदविणे आणि ती प्रसिद्ध करणे अशक्य नाही. हे काम ठाण्याच्या विरोधात नाही. अपुऱ्या माणसांनिशी चालणाऱ्या ठाणेदाराची बाजूही अशा अभ्यासातूनच शासनापर्यंत पोहोचेल. ठाण्याचा दर्जा ठरविण्याचा पहिला अधिकार त्याच्या दारात मदत मागायला गेलेल्या माणसाचा आहे. शासनाचा पैसा त्या माणसाच्या अनुभवाशी जोडला जात नाही, तोपर्यंत भिंतीवरील पाटीला भिंतीच्या रंगाहून अधिक अर्थ देता येणार नाही.